आबा सालानं राहिले

यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी गेले, तर पाराजवळच्या निंबाला टांगलेल्या झोक्याभोवती जमलेल्या बायकांत सगळ्यात तरुण मीच निघाले. माझी पन्नाशी उलटून गेली आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. दोर बांधणारी कमलअक्का पंचाहत्तरीची. धक्का द्यायला उभी असलेली तिची जाऊ गुडघ्याला पट्टा बांधून आलेली. मी लांबूनच हात जोडून सटकायला बघत होते, पण अक्कानं मनगट धरलं.

"बस व माय. झोका रिकामा ऱ्हायना ते गौराईले काय वाटी?"

गौराईला वाईट वाटू नये म्हणून मी बसले. दोर करकरला, फांदीनं कुरकुर केली, आणि त्या दोघी म्हाताऱ्यांनी मला असा काही धक्का दिला की माझ्या तोंडून लहानपणीची किंकाळी निघाली. वर गेले की सगळी गल्ली दिसायची. कुठे कुलूप, कुठे ओट्यावर एक म्हातारा, कुठे उंबऱ्यात एक म्हातारी. सबंध गल्लीत मूल म्हणावं असं एकच होतं, कुणाचा तरी सुरतेहून आलेला नातू, आणि तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. झोका खाली यायचा, पुन्हा वर जायचा, आणि मी पुन्हा बघायची. चाळीस वर्षांत गाव उलटं झालं होतं. इतकी मोठी गोष्ट उलटी झाली आणि उलटताना कुणाला दिसली नाही, याचंच मला नवल वाटत राहिलं.

कारण ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच निंबाखाली पाय ठेवायला जागा नसायची. धरणगावपासून काही कोसांवरचं आमचं हे कापसाचं गाव. आखाजीच्या आठवड्यात माहेरवाशिणी यायच्या आणि येताना कडेवर एक, बोटाला एक, मागे फरफटत एक अशी पोरं घेऊन यायच्या. घराघरांत आढ्याला झोळी टांगलेली. एक मूल झोळीतून उतरलं की दुसरं चढायचं, झोळी थंड म्हणून कधी पडायचीच नाही. झोक्यावर नंबर लागायचा तो भांडून, केस ओढून आणि शेवटी मोठ्यानं रडून. मी रडण्यात पटाईत होते.

आमच्याच घरात आम्ही सख्खी-चुलत मिळून नऊ पोरं. वर आबा, म्हणजे माझे आजोबा, आणि त्यांची डोळ्यांनी अधू झालेली थोरली बहीण, आमची आत्याआजी. मध्ये नाना आणि माय, म्हणजे माझे आईवडील, आणि काका-काकू. काका दोंडाईच्याला मिरचीच्या बाजारात हमाली करायचा, सणावारी घरी यायचा, आणि तो आला की सगळं घर शिंकायचं. नाना कोरडवाहू शेत करायचे आणि हंगामात जिनिंगमध्ये जायचे. खाली नऊ, वर दोन आणि मध्ये हे चौघं. त्या वेळी मला यात काही विशेष वाटत नव्हतं. घर म्हणजे असंच असतं, असं वाटायचं.

माझा मुलगा धुळ्याला आमच्या फ्लॅटमध्ये बसून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. पाठ करताना मोठ्यानं वाचायची त्याची सवय, त्यामुळे स्वयंपाकघरात माझाही अभ्यास होतो. मागे एकदा तो लोकसंख्येचा धडा घोकत होता. पंधरा वर्षांच्या आतले आणि साठीच्या वरचे, हे अवलंबून. मधले सगळे कमावते. मधल्यांच्या मानानं अवलंबून असलेले किती, ते काढायचं. त्याला म्हणे अवलंबिता गुणोत्तर म्हणतात.

मी पोळ्या करता करता विचारलं, "मी सातव्या वर्षी मायबरोबर कापूस वेचायला जायची. मला कुठे धरलंस?"

"अवलंबून. वय बघायचं असतं आई, काम नाही बघायचं."

"आणि आमचे आबा?"

"साठीच्या वर ना? तेही अवलंबून."

मी हसले, त्याला वाटलं मी त्याच्या धड्याला हसतेय. पण तसं नव्हतं. तो पुढे वाचत गेला आणि माझी पोळी तव्यावर तशीच राहिली. आपल्या देशात आधी खालचं ओझं जास्त होतं, पोरांचं. मग घरोघर पोरं कमी होत गेली, मधले हात वाढले. आता हळूहळू वरचं ओझं वाढत जाणार, म्हाताऱ्यांचं. एवढा अफाट देश, आणि त्याचं सगळं चालणं आमच्या गल्लीच्या चालण्यासारखंच! कावड वाहणाऱ्याच्या खांद्यावर पुढची घागर हलकी होत जावी आणि मागची भरत यावी, तसं काहीसं. मला एकाएकी फार मोठं काहीतरी दिसल्यासारखं झालं. पोरगा म्हणाला, "आई, पोळी करपतेय."

त्या धड्यातलं मला कळलं ते आबांमुळे. एका आखाजीमुळे, असं म्हणा हवं तर.

खानदेशातला तो उन्हाळा ज्यानं सोसला नाही त्याला सांगून कळायचा नाही. कापूस केव्हाच निघालेला, पऱ्हाट्या उपटून दाराशी जळणाला रचलेल्या, शेतं पार उघडी. दुपारी झळा अशा वाहायच्या की समोरचं गाव पाण्यात उभं असल्यासारखं हलायचं. कोंबड्यासुद्धा चोच उघडी टाकून सावलीला पडून असायच्या. आणि त्याच भाजणाऱ्या दिवसांत घरात सांजोऱ्यांचा वास. नवीन घागरीत वाळा टाकलेलं पाणी. घागरीवर खरबूज ठेवून पितरांना पुजायचं, आणि ते झाल्याशिवाय आंब्याला हात लावायचा नाही. आढीतल्या आंब्यांचा वास आठवडाभर नाकात आणि हात मात्र मागे बांधलेले. त्या आठवड्यात आम्ही पोरं जितकी देवभोळी असायचो तितकी पुढे कधीच झालो नाही.

पंगतीचाही एक क्रम असायचा. पहिल्या पंगतीला पोरं आणि म्हातारी माणसं. दुसरीला राबून आलेले. शेवटी बाया. यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं, ज्याला भूक धरवत नाही त्यानं आधी बसायचं इतकंच. आबा आमच्यात बसायचे, नऊ पोरांच्या मध्ये, मांडी घालून. धाकट्याच्या ताटातलं सांडलेलं उचलून स्वतःच्या तोंडात टाकायचे. मला ते आमच्यातलेच वाटायचे. मोठं झालेलं एक पोर, मिशा आलेलं.

त्या वर्षी माझी थोरली बहीण शकूताई दहावीला बसली होती. गावातली दहावीला बसलेली ती दुसरी मुलगी. परीक्षा मार्चमध्ये झाली होती, निकाल जूनमध्ये लागायचा होता आणि आखाजी मध्येच आली. तेव्हा दहावीनंतर डी.एड.ला जाता यायचं. जळगावला वसतिगृहात राहून मास्तरीण व्हायचं, हे ताईनं कुणाला न विचारता मनात पक्कं करून टाकलं होतं. आणि नेमकं तेव्हाच शिरपूरकडून तिला स्थळ आलं. माणसं चांगली, घरची विहीर, मागणी काही नाही. आखाजीचा मुहूर्त साधून ठरवून टाकू म्हणाले.

नाना वाईट नव्हते. हे मला मुद्दाम सांगायचंय, कारण अशा गोष्टीत बाप वाईट दाखवायची पद्धत आहे. ओट्यावर बसून ते मायला म्हणाले ते माझ्या कानात अजून आहे.

"एक पोर दोन वरीस शिकाडू ते बाकीना पोरेसले काय खावाडू? तीबी मनीच शे, याबी मनाच शेत."

तीही माझीच, बाकीचीही माझीच, असा त्यांचा हिशेब. ताई आत सांजोऱ्या लाटत होती, तिचं लाटणं तेवढं थांबलं. मग पुन्हा सुरू झालं, पण सांजोऱ्या जाड यायला लागल्या. मी अकरा वर्षांची होते, पण इतकं मला कळलं की आखाजी होऊन गेली आणि स्थळ ठरलं, तर जूनमध्ये निकाल काहीही लागो, त्याला काही अर्थ राहणार नाही. आबा ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसून अंबाडीचा दोर वळत होते.

आता आखाजीला आमच्याकडे आणखी एक गोष्ट होते, ती सांगायला हवी. सालदारांचं वर्ष आखाजीला संपतं आणि आखाजीलाच सुरू होतं. जो दुसऱ्याच्या शेतावर वर्षभर बांधून घेऊन राहतो तो सालदार. मोबदला थोडा धान्यात, थोडा रोखीत. सकाळी पाराजवळ बोलणी होतात, कुणी जुना धनी सोडतो, कुणी नवा धरतो, सुपारी हातात पडली की पुढच्या आखाजीपर्यंत शब्द पक्का. त्या आखाजीला फैजपूरकडच्या एका केळीवाल्याचा माणूस बागेला राखणदार शोधत आमच्या गावापर्यंत आला होता. आम्ही पोरी झोक्यापाशी भांडत होतो, म्हणून मला सगळं दिसलं. पाराशी उभ्या असलेल्या तरण्याताठ्या गड्यांमधून आबा पुढे गेले, पागोटं नीट केलं आणि म्हणाले, "मी येस."

लोक हसले. केळीवाल्याचा माणूस त्याच्या पूर्वेकडच्या बोलीत काहीतरी नरमाईनं बोलला, वयाचं. आबांनी त्याला मध्येच थांबवलं.

"बागले ज्वान मानूस नको भाऊ, जागा मानूस पाहिजे. म्हातारपनमा झोप कोठे येस?"

पुन्हा हशा झाला, पण या वेळी आबांच्या बाजूनं झाला. सुपारी हातात पडली. सत्तरी गाठलेले माझे आजोबा सालानं राहिले.

नाना धावतच आले. मी त्यांना इतकं लाल झालेलं कधी पाहिलं नव्हतं. बापाला सालानं ठेवलं, असं गाव म्हणणार. तोंड कुठे लपवायचं? पाराजवळून घरापर्यंत ते आबांच्या मागे मागे येत बोलत होते आणि आबा पुढे पुढे चालत होते. दारात आल्यावर आबा वळले.

"नाना, खानारा तोंडेस्मा मी बी शे ना? मनं एक तोंड कमी कर नि शकूनं ऱ्हाऊ दे. हिसाब बराबर."

"आबा, तिना निकाल ते लागू द्या! नापास व्हयनी ते?"

"ते मी एक वरीस केया खाईसन येसू."

वर्षभर केळी खाऊन येईन, हे ते हसत म्हणाले, पण आज या वयात ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो. निकाल लागलेला नव्हता. ताई पास होईल की नाही, झाली तर जळगावला जागा मिळेल की नाही, मिळाली तर पुढे नोकरी लागेल की नाही, यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. आबांना अक्षरओळख नव्हती, डी.एड. म्हणजे काय हेही त्यांना नीट सांगता आलं नसतं. एका पोरीच्या नुसत्या बसण्याउठण्याकडे बघून त्यांनी आपल्या उरलेल्या आयुष्यातलं एक वर्ष काढून ठेवून दिलं. एवढा विश्वास माणूस कुठून आणतो, ते मला अजून उमगलेलं नाही. आपल्या गावात चाकरी करणार नाही, तापीपलीकडे करीन, म्हणजे तुला खाली बघायला नको, एवढी एकच गोष्ट त्यांनी नानांसाठी केली.

दुपारी घागर पुजून झाली. पहिल्या पंगतीला आम्ही नऊ जण बसलो, आत्याआजी बसली, आमरसाच्या वाट्या आल्या. आबांची जागा रिकामी. मायनं दोनदा हाक मारली. ते ओट्यावरूनच म्हणाले, "मी नानासंगे बससू." आणि खरोखरच ते दुसऱ्या पंगतीला बसले, नाना आणि काका यांच्या मध्ये, राबणाऱ्यांच्या ओळीत. मी दाराच्या फटीतून बघत होते. नानांचा हात ताटात जाईना. त्यांच्या डोळ्यांतून पाणी टपटप वाटीत पडत होतं, बापासमोर बसलेल्या लहान पोरासारखं. आबांनी त्यांच्याकडे न बघता त्यांची पोळी मोडून रसात बुडवली आणि म्हणाले, "जेव."

शिरपूरला नाही म्हणून निरोप गेला. ताई पास झाली. चांगली पास झाली. डी.एड.लाही लागली.

मला वाटतं, खाणारे कोण आणि खाऊ घालणारे कोण, यांच्यातली रेघ आमच्या घरात कुणी वयानं ओढलेलीच नव्हती. पहाटे दळण दळून, दिवसभर वेचणी करून, शेवटच्या पंगतीला उरलंसुरलं खाणारी माझी माय कुठल्या बाजूला? एका हातानं धाकट्याची झोळी हलवत दुसऱ्या हातानं सरकी निवडणारी मी? आंधळी आत्याआजी सगळ्या घराच्या वाती वळायची. कुणी पूर्ण ओझं नव्हतं, कुणी पूर्ण खांदा नव्हतं. तरीसुद्धा धडा खोटा नाही. चौघांच्या जिवावर पंधरा ताटं रोज निघत होती, हे खरंच होतं. ती कशी निघाली? मी आज तिघांच्या घरात गॅस, मिक्सर आणि दोन पगार असूनही संध्याकाळी दमून बसते, तेव्हा मला त्या चौघांपुढे हात जोडावेसे वाटतात. आणि अशी घरं त्या वेळी एक का दोन होती? सगळा देशच तसा निघाला त्यातून, पोरं कडेवर आणि म्हातारे पाठीवर घेऊन.

नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीचा आवाज बदलत गेला. झोळीची दोरी कुणी काढून कपडे वाळत घालायला घेतली. पाठोपाठची भावंडं दिसेनाशी झाली. माझ्या चुलतभावाला दोन, ताईला दोन, मला एक. नर्सबाई घरोघर फिरायच्या, भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले असायचे, पण मला विचाराल तर शिकलेल्या पोरींनी ते सगळं जास्त केलं. जी पोर दोन वर्षं उशिरा लग्न करते, ती नुसती दोन वर्षं थांबत नाही. तिच्या मागून येणारं सगळंच बदलतं. ताईकडे बघून गल्लीतल्या तीन पोरी दहावीला बसल्या, मग मोजायचं कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

पण ते नंतरचं. आबांचं राहिलं.

एका सालाची तीन सालं झाली. ताईची दोन वर्षं शिकण्यात गेली आणि नेमणुकीचा कागद यायला पुन्हा वेळ लागला. आबा मधून मधून यायचे, केळ्याची फणी आणायचे, उन्हानं आणखी वाळलेले दिसायचे आणि दोन दिवसांत परत जायचे. शेवटी ताईला दोंडाईच्याजवळच्या एका खेड्यात शाळा मिळाली. त्यानंतरची आखाजी जवळ आली तेव्हा नाना आबांना आणायला निघाले, तर ताई म्हणाली, मी जाते. आमच्याकडे सासरी असलेल्या पोरीला सणाला न्यायला माहेरचा माणूस जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. मुऱ्हाळी येईपर्यंत पोर कामं उरकून वाटेकडे डोळे लावून बसलेली असते. म्हाताऱ्या माणसाला न्यायला नात मुऱ्हाळी निघाल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. ताईनं मला सोबत घेतलं आणि आम्ही एसटीनं निघालो.

तापीच्या पुलावर मी श्वास रोखून खाली बघितलं. भर उन्हाळ्यातही नदीत पाणी होतं. आणि पलीकडे केळी. आमच्या भाजलेल्या, उघड्या जमिनीतून आलेल्या मला तो हिरवा रंग खोटाच वाटला. बागेत शिरलो आणि अंगावरचं ऊन कुणीतरी काढून घेतल्यासारखं झालं. पायाखाली ओल, डोक्यावर पानांची सावली, सगळीकडे पाटाच्या पाण्याचा बारीक आवाज. बाहेर जग पेटलेलं आणि इथे हे. तीन वर्षं आबा इथे एकटे होते.

आबा खोपीच्या दारात बसले होते. गाठोडं बांधून, अंगात धुतलेली बंडी घालून, पागोटं बांधून. कधीपासून बसले होते कुणास ठाऊक. आम्हाला बघून उठले, पण चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाही. तेवढ्यात तो केळीवाल्याचा माणूस सुपारी घेऊन आला. पुढच्या सालाला बाबाच हवेत म्हणाला, असा जागा माणूस मिळत नाही. आबा ताईकडे बघत राहिले. एखादी सासुरवाशीण मुऱ्हाळ्याकडे बघते तसं.

ताई म्हणाली, "आबा आते सालानं ऱ्हानार नहीत. मी कमावस."

माणसानं सुपारी परत खिशात टाकली आणि तो आबांच्या पाया पडला. आबांनी राखणीची काठी त्याच्या हातात दिली, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि चालायला लागले. ताई दोनदा म्हणाली, द्या इकडे. आबा ऐकेनात. एवढंसं तर आहे, म्हणाले. पाटाच्या कडेकडेनं आम्ही बागेच्या टोकापर्यंत आलो. पुढे ऊन होतं, आणि एसटीचा थांबा बराच लांब, रस्त्याला. तिथे सावलीच्या काठावर आबा थांबले. गाठोडं खाली ठेवलं आणि बांधावर बसले. काम असताना मी त्यांना असं मध्येच बसलेलं कधी बघितलं नव्हतं. ताई घाबरली, त्यांच्या पुढ्यात वाकली.

"आबा, काय व्हयनं? चक्कर उनी का?"

आबांनी मान हलवली. पागोट्याच्या शेवानं तोंड पुसलं, डोळेही पुसले, आणि गाठोडं उचलून तिच्या हातात दिलं.

"काही नही व माय," ते म्हणाले. "आते व्हयनू मी म्हातारा."